काटोलच्या बागेतली १९६८ सालची एफसी-१५०: घरच्या गॅरेजात मूळ रूपात आणावी की तिच्यात बदल करावेत?

प्रश्न: संत्राबाग (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. आमच्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली महिंद्रा एफसी-१५० ही पिकअप गाडी काटोलजवळच्या आमच्या बागेत, गोठ्याच्या पडवीत, गेली २२ वर्षे उभी होती. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की संत्री हिच्या हौद्यात भरून नागपूरच्या बाजारात आणायची आणि परतताना खताच्या गोण्या व घरचा किराणा न्यायचा, असा तिचा अनेक वर्षांचा क्रम होता. माझे वडील आता ७९ वर्षांचे आहेत. ते याच गाडीवर स्टिअरिंग धरायला शिकले आणि ती पुन्हा चालताना पाहण्याची त्यांची मनापासून इच्छा आहे. म्हणून मागच्या महिन्यात आम्ही ती ट्रेलरवर चढवून नागपूरला घरी आणली.

गाडीची स्थिती अशी आहे. इंजीन जाम आहे आणि क्रँक हाताने फिरत नाही. केबिनच्या तळाचा पत्रा पायाखाली इतका कुजला आहे की काही ठिकाणी जमीन दिसते. हौद्याचा पत्रा बरा आहे, मात्र मागच्या फाळक्याची बिजागरी तुटली आहे. वायरिंग उंदरांनी कुरतडून टाकले आहे. चेसिसवर वरवरचा गंज दिसतो, पण आतून तिची अवस्था काय आहे याचा अंदाज मला येत नाही. आमचे गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब असून वर स्लॅब आहे. मी तंत्रनिकेतनात विद्युत विषय शिकवते, त्यामुळे वायरिंग मी स्वतः करू शकेन. यांत्रिक कामाचा अनुभव मात्र मला स्कूटरच्या पलीकडे नाही.

माझ्या धाकट्या भावाचे मत असे आहे की जुने पेट्रोल इंजीन काढून डिझेल इंजीन बसवावे, गाडी थोडी खाली घ्यावी, अलॉय चाके लावावीत आणि काळा मॅट रंग द्यावा. मला गाडी आजोबांच्या वेळी होती तशीच हवी आहे. तरीही केवळ शोभेसाठी ती गॅरेजात उभी राहावी असे मला वाटत नाही, कारण वडिलांना शेजारी बसवून रविवारी काटोलपर्यंतचे साठ किलोमीटर जाता यावे, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. कामाला सुरुवात कुठून करावी, किती बदल केले तर गाडी तीच राहील आणि घरच्या गॅरेजात काय करावे व काय बाहेर द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. गाडीची कागदपत्रे अजून आजोबांच्याच नावावर आहेत, हेही सांगून ठेवते.

उत्तर १: जुना पाना (हिंगणा रोड, नागपूर)

ताई, ही गाडी मिळणे हेच भाग्य आहे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकी आरेखकाने तिची आखणी केली आणि जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीने ती १९५६ च्या अखेरीस लोकांसमोर आणली. सीजे-५ जीपच्याच ८१ इंची व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर) चालकाची केबिन पुढच्या चाकांच्या वर नेऊन बसवल्यामुळे एवढ्याशा लांबीत मोठा हौदा मिळाला. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६५ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी महिंद्राने ती आपल्याकडे बाजारात आणली. मी चौतीस वर्षे गॅरेज चालवले, त्यातली पहिली दहा वर्षे जीप आणि तिच्या भावंडांवरच गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाना हातात घेण्यापूर्वी फोटो काढा. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर आणि प्रत्येक ब्रॅकेट जागेवर असतानाच दोन बाजूंनी टिपून ठेवा. काढलेले नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यावर चिठ्ठी लावा. उत्साहाच्या भरात आठ दिवसांत गाडी मोकळी करून पुढची आठ वर्षे तिचे तुकडे पोत्यात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. दहा बाय अठराच्या जागेत तर केबिन, हौदा आणि इंजीन एकाच वेळी खाली उतरवून चालणारच नाही. एक भाग उतरवावा, तो पूर्ण करावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. गाडी उचलल्यावर ती लोखंडी जॅक स्टँडवरच टेकवा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटतात. इंजीन काढायची वेळ आली तर चेन पुली घराच्या स्लॅबच्या हुकाला अडकवू नका, त्यासाठी तीन पायांची उंच लोखंडी तिपाई भाड्याने आणा.

इंजीन जाम आहे म्हणून ते संपले असे समजू नका. हे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे हरिकेन इंजीन असून त्याची रचना वेगळी आहे: हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, असतात आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत बहुधा पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असतात किंवा ब्लॉकमधला एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, आठवडाभर ते मुरू द्या आणि मग क्रँकच्या पुढच्या नटवर पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करून पाहा. लांब पाइप लावून जोर करू नका आणि गाडी दुसऱ्या वाहनाने ओढून इंजीन सोडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका, कारण त्यात रिंगा तुटतात आणि पुशरॉड वाकतात.

हेड काढावे लागले तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली लपलेला असतो आणि कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. तो न काढता हेडला पहार लावून उचकटणाऱ्यांनी अनेक चांगली हेडे फोडली आहेत. जोडणीनंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर लावा, इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सीटचे काम मात्र चांगल्या मशीन शॉपलाच द्या. हे इंजीन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि आपल्या देशात ते पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झाले. म्हणून ब्लॉक उघडलाच आहे तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि पाणी ओढून घेते. तेव्हा पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांसाठी मिळून एकच सर्किट, त्यामुळे एका व्हील सिलिंडरने गळती धरली की पूर्ण पेडल खाली जाते. त्यातच व्हीलबेस आखूड, वजन पुढे आणि रिकामा हौदा हलका असल्यामुळे जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके लवकर लॉक होतात. तुम्हाला वडिलांना घेऊन हायवेवर जायचे आहे, म्हणून इथे काटकसर करू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लोखंडी नळ्या आणि रबरी होज सगळे नवे घ्या, ड्रम टर्न करून घ्या आणि इंजीन सुरू होण्यापूर्वी ब्रेक पूर्ण झालेले असू द्या. इंजिनाचा आवाज ऐकल्यावर माणसाला गाडी फिरवण्याचा मोह आवरत नाही, हे मी माझ्याच गॅरेजात अनेकदा पाहिले आहे.

उत्तर २: कागदपत्र (सिव्हिल लाइन्स, नागपूर)

वरच्या उत्तरातील तांत्रिक भागाला मी काही जोडू शकत नाही. कागदपत्रांविषयी मात्र लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या भावाची डिझेल इंजिनाची कल्पना तिथेच अडते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ असाच काटेकोरपणे लावला आहे. इंजीन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी आणि नवा क्रमांक प्रमाणपत्रात चढला पाहिजे. पेट्रोलच्या जागी दुसऱ्या जातीचे डिझेल इंजीन परस्पर बसवले, तर तपासणीत वाहन अडेल आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करील. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चेसिसवरचा आणि ब्लॉकवरचा क्रमांक तारेच्या ब्रशने हळुवार स्वच्छ करून आरसी बुकाशी ताडून पाहा. ग्राइंडर त्या जागेच्या जवळपासही नेऊ नका. सँडब्लास्टिंगला चेसिस देताना क्रमांकाच्या जागेवर जाड टेपचे थर लावून ती झाका, कारण पुसट झालेला क्रमांक पुन्हा सिद्ध करणे फार कठीण जाते.

नोंदणीधारक दिवंगत असल्यामुळे हस्तांतरण फॉर्म ३१ वर होईल. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागेल. कायद्याने दिलेली तीन महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली असल्याने विलंबाचा दंड भरण्याची तयारी ठेवा. गाडी पूर्वी शहरात नोंदवली होती की ग्रामीणमध्ये, हे जुन्या बुकावरून पाहा. आज नागपूर शहरासाठी एमएच-३१, पूर्व नागपूरसाठी एमएच-४९ आणि ग्रामीणसाठी एमएच-४० अशी कार्यालये असली, तरी आपली नोंद या सगळ्यांच्या आधीची, जुन्या मालिकेतली आहे.

आणखी एक मार्ग आपल्याला कोणी ना कोणी सुचवीलच, तो विंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. परंतु असे वाहन प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. दर रविवारी काटोलला जाण्याचा आपला हेतू त्यात बसत नाही. म्हणून आधीचीच नोंदणी आपल्या किंवा वडिलांच्या नावावर करून तिचे नूतनीकरण करून घेणे, हाच आपल्यासाठी योग्य रस्ता आहे असे माझे मत आहे. तसेच बुकावर वाहनाचा वर्ग खाजगी आहे की मालवाहू, हे सर्वांत आधी वाचा, कारण फिटनेस आणि कर या दोन्ही गोष्टी त्यावर ठरतील.

उत्तर ३: कळमेश्वरचा शेतकरी

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझ्याकडे जुनी जीप आहे आणि तिच्यात कंपनीचेच डिझेल इंजीन आहे. शेतकऱ्याला रोज लागणाऱ्या गाडीसाठी डिझेलचा जोर आणि कमी खर्च यांना तोड नाही. भाऊ म्हणतो ते वेडेपणाचे नाही. पेट्रोलवर चालणारी, सुटे भाग शोधत फिरायला लावणारी गाडी दोन वर्षांनी पुन्हा पडवीत जाऊन उभी राहिली, तर आजोबांच्या आठवणीचा काय मान राहिला? जी गाडी चालते तिचीच निगा राखली जाते. कायद्याचे वर आले आहे ते मान्य आहे, पण परवानगी मिळत असेल तर विचार जरूर करावा.

उत्तर ४: जुना पाना

भाऊ, रोजच्या शेतीच्या गाडीसाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण एफसीमध्ये इंजीन बॉनेटखाली नसते. ते केबिनमध्येच, चालक आणि शेजारच्या माणसाच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली असते. तिथे डिझेल इंजीन बसवले की त्याचा हादरा, आवाज आणि उष्णता थेट बसणाऱ्याच्या अंगावर येते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत ७९ वर्षांच्या माणसाला त्या झाकणाशेजारी बसवून पाहा. शिवाय डिझेल इंजीन जड असल्याने आधीच पुढे झुकलेले वजन आणखी पुढे जाते आणि ब्रेकची जी अडचण मी वर सांगितली ती वाढते. गाडी खाली घेण्याबद्दलही हेच म्हणेन: पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) काढून किंवा सरळ करून ती खाली आणली तर काटोलच्या बागेतल्या धुऱ्यावरून ती जाणार नाही आणि पाटे रबरी स्टॉपवर आपटत राहतील.

बदल करायचेच असतील तर परत फिरवता येतील असे करा, म्हणजे चेसिसला नवे भोक न पाडता मूळ बोल्टवर बसणारे. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, तीन ठिकाणी अडकणारे (थ्री-पॉइंट) सीटबेल्ट, इंजिनाच्या झाकणाला आतून उष्णतारोधक थर. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून खोक्यात ठेवा. सीटबेल्टची जागा मात्र मजबूत करावीच लागेल, कुजलेल्या पत्र्यावर बेल्ट बसवून उपयोग नाही.

उत्तर ५: पत्रा आणि रंग (गांधीबाग, नागपूर)

चर्चेत पत्र्याचा विषय मागे पडला आहे, म्हणून लिहितो. चेसिस आतून कशी आहे हे पाहण्यासाठी लहान हातोडीने तिच्या पूर्ण लांबीवर ठोकत जा आणि आवाज ऐका. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. पाट्यांची ब्रॅकेटे आणि केबिन टेकते त्या जागा विशेष लक्ष देऊन पाहा. चेसिसला सँडब्लास्टिंग चालते, पण केबिनचा पातळ पत्रा त्या माऱ्याने वाकतो. त्याचा रंग केमिकल स्ट्रिपरने किंवा हाताने उतरवावा.

कुजलेला तळ कापून नवा पत्रा घालायचा असेल तर १८ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, कडेने निरोगी लोखंड लागेपर्यंत कापा आणि मिग वेल्डिंगने एक टाका इथे, एक टाका तिथे असे थांबत थांबत जोडा. एका दमात रेघ ओढली तर पत्रा तापून लाटेसारखा होतो. कापण्यापूर्वी दारे बंद करून केबिनला आतून आडवे-तिरपे अँगल ठोका, नाहीतर तळ निघाला की दारांच्या फटी बदलतात आणि मग दार कधीच नीट बसत नाही. गंजावर नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारा कारागीर स्वस्त पडेल, पण पहिल्या दोन पावसाळ्यांत ती लांबी फुगून वर येईल. पेट्रोलची टाकी गळत असेल तर तिला घरी वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो.

रंगाचे सांगतो. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबीचा पातळ हात, मग सरफेसर आणि शेवटी टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) पॉलियुरेथेन रंग, हा क्रम टिकतो. परंतु टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वासातून गेले तर दम्यासारखा आजार कायमचा जडू शकतो. नाकाला रुमाल किंवा साधा कागदी मास्क लावून त्यापासून बचाव होत नाही. घरात वयस्कर माणूस आहे, गॅरेज घराला लागून आहे, तेव्हा शेवटचा रंग घरी मारू नका, रंगाची भट्टी (पेंट बूथ) असलेल्या ठिकाणी मारून घ्या. प्रायमरपर्यंतचे घासकाम मात्र घरीच करा. तिथेच सगळ्यांत जास्त तास जातात आणि तिथेच घरच्या माणसाइतकी निष्ठा भाड्याचा माणूस दाखवत नाही.

वेळेचाही विचार करा. आपल्याकडे मे महिन्यात थिनर हवेतच उडून जातो आणि रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेबरोबर पाणी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात रंगाचा खरा हंगाम आहे. मूळ छटा शोधायची असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या आतल्या पॅनेलखाली पाहा, तिथे ऊन पोहोचलेले नसते. आणि भावाला काळा मॅट आवडतो हे ठीक आहे, पण काळी केबिन नागपूरच्या उन्हात किती तापते याचाही विचार करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: संत्राबाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात आम्ही सांगितल्याप्रमाणे कामाला सुरुवात केली.

आरसी बुकात वाहनाचा वर्ग खाजगी असा आहे. चेसिस आणि इंजीन दोन्हींचे क्रमांक जुळले. ब्लॉकवरचा क्रमांक घासून स्वच्छ केल्यावर वडिलांनी तो चष्मा लावून स्वतः वाचला. फॉर्म ३१ साठी दोन आत्यांची संमतीपत्रे मिळाली आहेत, काकांचे यायचे आहे. चेसिस हातोडीने ठोकून पाहिली तेव्हा उजव्या बाजूला, मागच्या पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटजवळ साधारण वीतभर लांबीत आवाज बद्द येतो. बाकी सर्वत्र खणखणीत आहे.

इंजिनात तेल सोडून नऊ दिवस ठेवले. दहाव्या दिवशी क्रँक पाव फेरा हलली आणि तिथेच अडली. हेड काढताना कार्ब्युरेटरखालचा बोल्ट खरोखरच तिथे होता. तो सांगितला नसता तर आम्ही पहार लावलीच असती, कारण भाऊ ती घेऊन आला होता. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला होता आणि त्याच सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची कडी होती. मशीन शॉपमध्ये माप घेतल्यावर चारही सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे ठरले. एक्झॉस्टच्या सीटही त्याच वेळी बदलू. डिझेलचा विषय भावाने स्वतःच सोडला आहे. इंजिनाचे झाकण उघडून त्याला शेजारच्या जागेवर बसवले, तेव्हा त्याला त्याचे कारण पटले. अलॉय चाकांऐवजी मूळ लोखंडी रिम घासून रंगवायचे काम त्याने अंगावर घेतले आहे.

दाराच्या आतल्या पॅनेलमागे फिकट हिरवा रंग सापडला. आम्हा दोघांनाही ती गाडी करड्या रंगाची आठवते. वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की करडा रंग त्यांनीच १९७९ मध्ये, लग्नाच्या आधी, मारून घेतला होता. आजोबांना तो आवडला नव्हता, पण ते काही बोलले नव्हते. नोव्हेंबरपर्यंत केबिन प्रायमरपर्यंत आणायची आहे, त्यामुळे रंगाचा निर्णय घ्यायला अजून वेळ आहे, आणि तो वडिलांवरच सोपवला आहे.

आता एकच प्रश्न उरतो. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळचा वीतभर भाग कापून जोडावा की आतून पट्टी घालून बळकट करावा? फोटो उद्या टाकते.

उत्तर ६: जुना पाना

ताई, पट्टी घालू नका. कुजलेल्या लोखंडावर पट्टी टाकली की मधे पाणी साचते आणि आतला गंज दिसेनासा होतो. तेवढा भाग कापून तितक्याच जाडीचा तुकडा घालायचा, जोड सरळ उभा न ठेवता तिरपा घ्यायचा, आणि हे काम चेसिसचा अनुभव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यायचे. कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटांमधली तिरपी अंतरे इंची टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा मोजा. पुढच्या शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. चालत असेल तर येतो, माझा इंची टेप आणि हातोडी सोबत आणतो. तुमच्या वडिलांना भेटायचेही आहे.